केलेले जाणणे

"मुलीला आभार मानायला कसे शिकवलेत?" असे मला अनेक पालक विचारतात, आणि दर वेळी मी थोडी ओशाळते, कारण कितीतरी वर्षे कुणी काही दिले की तिला कोपराने ढोसून "थँक्यू म्हण" असे मीही पुटपुटत असे. ती म्हणायची, पण नजर खेळण्यावर असायची.

कृतज्ञ म्हणजे केलेले जाणणारा. मी म्हणणे शिकवत होते, जाणणे नाही. दुसऱ्याच्या मनात आपल्याहून वेगळे काही चालू असते, ही समज मुलांना साधारण चार-पाच वर्षांच्या सुमारास येऊ लागते. त्याआधीचे 'थँक्यू' ही केवळ सवय असते, आणि सवय म्हणून ते वाईटही नाही.

फ्रान्झिस्का बाउमगार्टेन-ट्रामर या स्वित्झर्लंडमधील मानसशास्त्रज्ञ विदुषीने १९३८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ७ ते १५ वर्षांच्या मुलांना विचारले होते, की तुमची सर्वांत मोठी इच्छा कोणती आणि ती पुरी करणाऱ्यासाठी तुम्ही काय कराल? लहान मुलांपैकी अनेकांनी बदल्यात स्वतःला प्रिय असलेली वस्तू देऊ केली, तर देणाऱ्याशी नाते जोडण्याचा विचार वयाबरोबर वाढत गेलेला दिसला. हे वाचताना मला माझ्या मुलीचा अर्धा तुटलेला खडू आठवला. वयाच्या पाचव्या वर्षी तिला तो तिच्या शिक्षिकेला द्यायचा होता आणि "असले तुटके कुणी देते का?" असे म्हणून मी तो परत दप्तरात टाकला होता. तो तिचा आवडता रंग होता, हे मला ठाऊक असूनही.

आता मी आभारांची आठवण करून देत नाही, प्रश्न विचारते: तुला हे आवडेल हे त्यांना कसे कळले असेल? त्यासाठी त्यांना काय बाजूला ठेवावे लागले असेल? अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ जेफ्री फ्रोह आणि सहकाऱ्यांनी ८ ते ११ वर्षांच्या मुलांना देणाऱ्याचा हेतू, त्याला पडलेले कष्ट आणि आपला झालेला लाभ असाच उलगडून पाहायला शिकवले, तेव्हा त्या मुलांनी आभारपत्रेही अधिक लिहिली (हा अभ्यास २०१४ चा). मात्र हे प्रश्न स्वतःच्या कष्टांविषयी विचारायचे मी टाळते. "तुझ्यासाठी आम्ही किती केले" हे ऐकून मुलाला फक्त कर्ज जाणवते.

गेल्या महिन्यात तिचा फाटलेला नकाशा मी रात्री बसून चिकटवला. सकाळी तिने जोडावरून बोट फिरवले आणि विचारले, "आई, तू झोपलीस किती वाजता?" थँक्यू ती म्हणाली नाही, आणि मीही ढोसले नाही.