ग्रुप सोडले, माणसं धरली

‘जागा संपली, बॅकअप थांबला’ ही सूचना फोनवर वारंवार यायला लागली, तेव्हा घरच्यांचं म्हणणं होतं, महिन्याला थोडे पैसे भर आणि मोकळी हो. गूगल १५ जीबी फुकट देतं. जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो तिन्ही त्यातच बसवायचं. १ जून २०२१ पासून नवे फोटोही त्यात मोजले जातात आणि आता अँड्रॉइडवरचा व्हॉट्सॲपचा बॅकअपही. म्हणजे कुणाच्या तरी साखरपुड्यातले तेच ते फोटो चार ग्रुपांवर आले की जागा माझी जाणार. पैसे भरले असते तर जागा मिळाली असती; वेळ नसता मिळाला. रात्री ओटा आवरून टोरांटोच्या मैत्रिणीचा निरोप ऐकायला फोन घ्यायचा आणि बाकीचे हिरवे ठिपके विझवता विझवता डोळे मिटायला लागायचे, असं चाललं होतं.

मेलचं काम सोपं निघालं. जीमेलच्या शोधपट्टीत ‘लार्जर:१०एम’ हे इंग्रजीत टाकलं की दहा एमबीहून जड मेल पुढ्यात येतात. दुकानांच्या जाहिराती तर बसल्या बसल्या बंद केल्या. काढून टाकलेल्या मेलचा डबा रिकामा केला नाही तरी तीस दिवसांनी आपोआप होतो.

व्हॉट्सॲपमध्ये ‘मॅनेज स्टोरेज’ उघडलं की जड फायली वेगळ्या आणि पुष्कळदा फॉरवर्ड झालेल्या वेगळ्या दिसतात. दुसरा ढीग मी न बघता उडवला. मैत्रिणीचे आवाजी निरोप मात्र आधी तारांकित करून ठेवले. मग फोटो-व्हिडिओ आपोआप उतरणं बंद केलं. आवाजी निरोप तरीही आपोआप उतरतातच, आणि मला तेच हवे होते.

खरी कसोटी ग्रुप सोडण्याची. ऑगस्ट २०२२ पासून ग्रुप गुपचूप सोडता येतो, फक्त ॲडमिनला कळतं. आमच्या सासरच्या ग्रुपच्या ॲडमिन थोरल्या जाऊबाई. त्यांना कळलं म्हणजे सगळ्यांना कळलं! शिवाय कोण कोण गेलं याची यादी साठ दिवस कुणालाही बघता येते. म्हणून मी आधी त्यांनाच फोन केला. “ताई, ग्रुप सोडतेय, राग मानू नका. काही कार्य असेल तर मला फोन करा.” पलीकडे जरा शांतता. मग म्हणाल्या, “मला तर सोडताही येत नाही गं.” त्यानंतर त्या खरंच फोन करतात, आणि ग्रुपवर कधी बोलल्या नसत्या ते बोलतात.

शाळेच्या बॅचचा ग्रुप सोडताना कुणाला काही वाटलं नाही, त्याचं मलाच थोडं वाटलं. सोसायटीचा सोडून चालत नाही, टँकर कधी येणार ते तिथेच कळतं. तो म्यूट करून अर्काइव्हमध्ये टाकला. नव्या ग्रुपांत कुणीही मला परस्पर जोडू नये म्हणून प्रायव्हसीमधली ‘ग्रुप्स’ची सेटिंग बदलली. काही दूरच्या नातेवाइकांना तिथे वगळलं आहे, नावं सांगत नाही.

शुभ सकाळच्या चित्रांवर सरसकट काट मारायचा सल्ला सगळे देतात, मला तो पटत नाही. मिरजेची मावशी एकटी राहते. तिचं गुलाबाचं चित्र आलं की समजायचं, उठली, चहा झाला. उशिरापर्यंत आलं नाही तर मी फोन लावते. ते चित्र बघून लगेच काढून टाकते, तो भाग वेगळा.

आता रविवारी सकाळी सात ही मैत्रिणीची वेळ. तिच्याकडे शनिवारची रात्र, उन्हाळ्यात साडेनऊ, हिवाळ्यात साडेआठ. नोव्हेंबरात त्यांची घड्याळं मागे जातात तेव्हा दरवर्षी आमचा एकदा तरी घोळ होतो. बोलायलाच हवं असं नाही. मी भाजी निवडत असते, ती कपड्यांच्या घड्या घालत असते.

दुसरे, बेळगावचे एक काका. प्रत्यक्ष भेट कधीच नाही, ओळख मोडी लिपीमुळे झाली. आमच्या जमिनीची जुनी कागदपत्रं मोडीत आहेत. मी फोटो पाठवायचे, ते वाचून दाखवायचे आणि त्यांचं उत्तर दहा ग्रुपांखाली गाडलं जायचं. आता त्यांचं नाव वर पिन केलेलं आहे. “ताई, मी वाचून देणार नाही, तुम्ही वाचा,” असं त्यांनी एके दिवशी बजावलं. तेव्हापासून गृहपाठ असतो. आधी ओळभर शिरोरेघ ओढायची, मग हात न उचलता अक्षरं. शब्दांमध्ये जागा सोडायची नाही, त्यामुळे नाव कुठे संपलं आणि गाव कुठे सुरू झालं तेच कळत नाही. वर इ-ई, उ-ऊ यांत ऱ्हस्व-दीर्घ नाहीच. मी चुकीचं वाचलं की काका लांबलचक निरोप बोलून पाठवतात, मागे कुकरच्या शिट्ट्या. तो घाईत ऐकता येत नाही, वही घेऊन बसावं लागतं.

सध्या एका गहाणखतावर अडलोय. पणजोबांनी विहीर गहाण टाकली होती की विहिरीतला वाटा, यावर आमचं एकमत नाही. काका म्हणतात वाटा. मला अजून विहीरच वाचता येतेय.