मी कॅनडा झालो तेव्हा

एमएच्या दुसऱ्या वर्षी सरांनी वर्गातच १९०२ची लंडनची वसाहत परिषद, म्हणजे ब्रिटन आणि त्याच्या स्वशासित वसाहतींची बैठक, भरवली. चिठ्ठ्या टाकल्या आणि मला कॅनडा आला, म्हणजे तिथले पंतप्रधान सर विल्फ्रिड लॉरिए. काम एकच: ब्रिटन आरमाराच्या खर्चात वाटा मागेल, तो द्यायचा नाही, आणि तरी संबंध तुटू द्यायचे नाहीत.

मी आधी गरिबीचं रडगाणं लिहून नेलं. नौदलमंत्री झालेल्या मैत्रिणीने ते दोन मिनिटांत निकालात काढलं. "परवडत नाही? मग थोडे द्या. बोला, किती?" आकड्यावर आलो की पुढे नुसती घासाघीस. घरी जाऊन कॅनडाचं खरं निवेदन वाचलं, तेव्हा कळलं की त्यांनी हाच खड्डा चुकवला होता. पैशापेक्षा आमच्या स्वशासनाचा प्रश्न आहे, असा त्यांचा पवित्रा. दुसऱ्या फेरीत मी तेवढंच धरून बसलो, पौंडाचं नावसुद्धा काढलं नाही.

ऑस्ट्रेलियावाल्याचं दुखणं निराळं. १८८७च्या करारानुसार तिकडच्या वसाहती न्यूझीलंडसह वर्षाला १,२६,००० पौंड देत, पण जहाजं आपल्याच पाण्यात राहावीत म्हणून. आता नौदलाला तीच जहाजं चीनकडेही न्यायची मोकळीक हवी होती. "पैसे आमचे आणि जहाजं चीनला?" तो खरोखरच चिडला, भूमिका वगैरे विसरून. जहाजांवर आपली पोरं घेऊन शिकवायची, या बोलीवर खऱ्या बार्टननी, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधानांनी, २,००,००० मान्य केले होते. आमचा १,७५,०००च्या पुढे सरकेना. न्यूझीलंडने ४०,००० लगेच कबूल केले, बहुधा डबा खायची वेळ झाली होती म्हणून.

भारताची चिठ्ठी नगरच्या एका मुलीला निघाली होती. सरांनी तिची खुर्ची दाराबाहेर मांडली. परिषद स्वशासित वसाहतींची, तिथे भारताला कुठली जागा! आरमारासाठी वर्षाला १,००,००० पौंड मात्र भारत देतच होता, शिवाय इथल्या गोऱ्या पलटणींचा खर्च वेगळा. बिचारी गोखल्यांची १८९७ची, भारताच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढची साक्ष अख्खी वाचून आलेली.

चहाच्या सुट्टीत तिने वही उघडली. अबिसिनियाच्या (आजच्या इथिओपियाच्या) मोहिमेवर गेलेल्या हिंदी पलटणींचा नेहमीचा पगार भारताच्या माथी. १८६७मध्ये लंडनला तुर्कस्तानच्या सुलतानासाठी झालेल्या नाचाच्या मेजवानीचं बिलही भारताच्या माथी. त्याखाली लाल शाईच्या दोन रेघा.

"हे मी कुणापुढे वाचू?" तिने विचारलं.

तेवढ्यात सह्यांसाठी आतून हाक आली. मी उठलो.