कार्ब्युरेटरमधला ऊस

पावसाळ्यात कोल्हापूर फुटांत बोलतं. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा किती झाली, ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडली का, ४३ च्या धोका पातळीला अजून किती अवकाश आहे, हे दूधवाल्यापासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांना तोंडपाठ. आमचं घर टाकाळ्यावर. तिथं पुराचं भय नाही, म्हणून आम्ही गवत मोजतो. जुलैत ते गुडघ्याला लागलं की सासऱ्यांच्या काळातलं गवत कापायचं पेट्रोल मशीन जिन्याखालून बाहेर निघतं. चार चाकं, ढकलायचा दांडा, पोटाखाली गरगर फिरणारं एकच पातं. चार महिने काम आणि आठ महिने आराम. यंदा मात्र इंजिन सुरू करायची दोरी ओढून ओढून खांदा भरून आला तरी ते ढिम्म. उलट मधेच दोरी असा हिसका देऊन मागे जायची की बोटं सोलवटली.

बंद इंजिनाला तीनच गोष्टी विचारायच्या असतात: दम आहे का, ठिणगी आहे का, पेट्रोल पोचतंय का. दोरी ओढताना हाताला जोर लागत होता, म्हणजे दम, अर्थात कॉम्प्रेशन, होतं. ठिणगी पाडणारा प्लग काढून कॅपमध्ये अडकवला, इंजिनाच्या अंगाला टेकवला, मुलाला दोरी ओढायला लावली. निळी ठिणगी पडली. (हे करताना पेट्रोलचा डबा लांब ठेवावा. मुलाला हे तीनदा सांगितलं, त्याने मला चारदा.) मग एअर फिल्टर काढून कार्ब्युरेटरच्या, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणाऱ्या भागाच्या, घशात पेट्रोलचे चार थेंब सोडले. मशीन फाडकन सुरू झालं, क्षणभर घुमलं आणि विझलं. वरून पाजलेलं पितंय, पण टाकीतलं घशाखाली उतरत नाही. इथवरचं घरी जमतं.

एका दुकानात नेलं तर काउंटरवरच्या मुलाने मशीनकडे न बघताच सांगितलं, ‘याचे पार्ट बंद झालेत, नवीन घ्या.’ मग मी गाडी उद्यमनगरकडे, कोल्हापूरच्या कारखान्यांच्या वस्तीकडे, वळवली. ज्या गावाने शेतीच्या पंपांसाठी ऑइल इंजिनं बनवली, जिथं आजही फाउंड्रीत मोठमोठ्या गाड्यांचे भाग ओतले जातात, तिथं ‘पार्ट मिळत नाही’ हे वाक्य पूर्णविराम घेऊन येत नाही. मिळत नसेल तर लेथवर काढतात. एका शेडमध्ये पाणी उपसायचे पंप, फवारणीचे पंप आणि ब्रश कटर यांच्या गराड्यात मिस्त्री बसले होते.

‘हे कुठनं उकरून काढलासा?’

‘सासऱ्यांचं आहे. चालूच होत नाही.’

‘मशीन झ्याक हाय. बसून बसून बिघडलंय. आत प्याट्रोल कवाचं?’

मी म्हटलं, गेल्या दिवाळीचं असावं. त्यांनी पुढे काहीच विचारलं नाही. पाण्याची एक रिकामी बाटली घेतली, टाकीची नळी तिच्यात सोडली आणि बाटली फळीवर ठेवून चहा सांगितला.

चहा संपेपर्यंत बाटलीत रेघ उमटली होती. वर पिवळसर पेट्रोल आणि तळाशी बोटभर वेगळाच गढूळ थर. मिस्त्रींनी स्क्रूड्रायव्हरचं टोक बाटलीवर टेकवलं. ‘ह्ये वरचं कंपनीचं. ह्ये खालचं आपलं.’

आपलं म्हणजे उसाचं. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळून बघायचे सरकारी प्रयोग २००१ साली झाले, त्यातलं एक ठिकाण आपलं शेजारचं मिरज. पुढे २००३ पासून काही राज्यांत ५ टक्के, २०२२ मध्ये देशभरात सरासरी १० टक्के, आणि २०२५ मध्ये २० टक्के. इथेनॉल हल्ली मक्यापासून, तांदळापासूनही होतं; पण साखर कारखान्यांच्या या जिल्ह्यात त्याचं नाव निघालं की डोळ्यांसमोर मळीच येते. उसाला बरा दर मिळावा म्हणून आम्हीच ज्याचं कौतुक करतो, ते टाकीत पडून राहिलं की पाणी ओढून घेतं. पाणी मर्यादेबाहेर गेलं की इथेनॉल पेट्रोलची साथ सोडतं आणि पाण्याला घेऊन तळाशी बसतं. टाकीची नळी तळाशीच असते. म्हणजे इंजिनाला पहिला घोट मिळतो तो त्याचाच. आमच्या टाकीच्या टोपणाचं वायसर कडक होऊन चिरलेलं होतं, आणि जिना दर आठवड्याला बादलीने धुतला जातो. पाण्याची वाट सापडली.

तरी सगळा दोष इथेनॉलवर ढकलणं मला पटत नाही. माझी मोपेड तेच पेट्रोल पिते आणि कुरकुर न करता रोज राजारामपुरीत जाऊन येते, कारण तिच्या टाकीत पेट्रोलला मुरायला वेळच मिळत नाही. बिनइथेनॉलचं पेट्रोलसुद्धा महिनोन्‌महिने ठेवलं तर त्याचा चिकट राळेसारखा थर होतोच. अशा छोट्या जुन्या इंजिनांच्या पुस्तिकांत बहुधा १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालेल असं छापलेलं असतं, हेही खरं. त्यांचे रबरी भाग त्या काळचे.

कार्ब्युरेटर उघडला तेव्हा त्यातल्या पेट्रोल साठायच्या वाटीच्या तळाशी पांढरी, मिठासारखी भुकटी होती. अॅल्युमिनियम खाल्लं गेलेलं. पेट्रोल मापात सोडणाऱ्या मेन जेटचं भोक उजेडाला धरून बघितलं तर पलीकडचं काहीच दिसेना. मिस्त्रींनी विजेच्या वायरीतला तांब्याचा एक केस उपसला आणि तो हळूहळू आत सरकवला. स्टीलची तार का नाही, तर तिने भोक मोठं होतं आणि मग मशीन आयुष्यभर काळा धूर ओकतं. कॉम्प्रेसरची हवा मारली, परत उजेडाला धरलं. सुईच्या अग्राएवढा प्रकाशाचा ठिपका. ‘झालं.’

पण तो हिसका? ‘दगडाला लागलंय का कवा?’ लागलं होतं, गेल्या वर्षी, पारिजातकाच्या आळ्याच्या दगडाला. फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाच्या शाफ्टवर फिरणारं जड चाक, काढलं. त्याला शाफ्टवर जागेला धरून ठेवणारी जी इवलीशी चावी असते, ती अर्धवट कातरली गेली होती. फ्लायव्हील केसभर सरकलेलं, म्हणून ठिणगी वेळेआधी पडत होती आणि पिस्टन उलटा ढकलला जाऊन दोरी मागे जात होती. शेजारच्या लेथवाल्याने तत्परतेने स्टीलची चावी काढून द्यायची तयारी दाखवली. आपल्याकडे कुठलीही गोष्ट आधीपेक्षा दणकट करून देण्याची हौस दांडगी. मिस्त्रींनी हात आडवा केला. ‘ती तुटायलाच ठेवलीया. ती न्हाई तुटली तर शाफ्ट वाकंल.’ मग चावी मऊ अॅल्युमिनियमचीच घासून बसवली. फ्लायव्हील आणि ठिणगीची वीज तयार करणारी कॉइल यांच्यातली फट मोजायला त्यांनी माझ्याच खिशातलं व्हिजिटिंग कार्ड मागितलं, मधे सरकवलं, स्क्रू आवळले, कार्ड ओढून घेतलं आणि काळ्या डागासकट मला परत दिलं.

पात्याला मात्र घरीच धार लावली. प्लगची कॅप आधी काढून ठेवायची, मगच पात्याला हात. मशीन आडवं करताना एअर फिल्टरची बाजू वर, नाहीतर इंजिनातलं ऑइल फिल्टरमध्ये उतरतं. धार लावून झाल्यावर पातं मधल्या भोकातून खिळ्यावर अडकवायचं. जी बाजू खाली झुकेल ती अजून थोडी घासायची. पातं आडवं, स्थिर राहिलं की मशीन हातात थरथरत नाही.

आता ते दुसऱ्या ओढीला सुरू होतं. सायलेन्सरवर कुंभारीण माशीने बांधलेलं मातीचं घर पहिल्याच दिवशी तडकून पडलं. घर रिकामं होतं, नाहीतर आमच्या सौभाग्यवतींनी ते हलवू दिलं नसतं. नवा नियम असा, की हंगाम संपला की टाकी रिकामी करायची आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवायचं, म्हणजे वाटीतही थेंब उरत नाही.

आवाज गल्लीत गेला आणि संध्याकाळी शेजारचे आप्पा कुंपणाशी आले. ‘तेवढं आमच्या परसातपण फिरवायला मिळंल का?’ मिळेल म्हटलं. पेट्रोल तुमचं, आणि परत देताना टाकी कोरडी. आप्पा म्हणाले, ‘त्यापेक्षा तूच ये की कापायला.’