सही फार चांगली आली होती

विड्रॉल स्लिपवरची सही फार चांगली आली होती. त्यामुळेच माझा हात थांबला.

तासगावातल्या एका बँकेच्या शाखेत मी अधिकारी आहे. नोव्हेंबरचा पहिला आठवडा होता, हयातीच्या दाखल्यासाठी पेन्शनरांची रांग दारापर्यंत गेलेली. त्या गर्दीत गुरुजींचा मुलगा 40 हजारांची स्लिप घेऊन आला. गुरुजी म्हणजे जिल्हा परिषदेचे निवृत्त शिक्षक, वय 76. दसऱ्यानंतर त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं, वाचा बसली, मिरजेला 19 दिवस दवाखान्यात होते, हे सगळं मला ठाऊक होतं. आणि स्लिपवर तर फळ्यावर लिहावी तशी सरळ, ठसठशीत सही.

मी त्याला केबिनमध्ये बोलावलं आणि विचारलं, "ही सही कोणी केली?"

तो खुर्चीत बसला आणि त्याला रडूच फुटलं. चाळिशी ओलांडलेला, चाकणला नोकरी करणारा माणूस. दवाखान्याचे 2 लाख 40 हजार त्यानं भरले होते, त्यातले निम्मे उसने. घरी ठेवलेल्या मावशींचा पगार थकला होता आणि त्या उद्यापासून येत नाही म्हणाल्या होत्या. "मॅडम, पैसे अण्णांचेच आहेत, त्यांच्यासाठीच लागतायत. मी कुणाचं चोरतोय?"

कुणाचंच नाही. पण खोटी सही ती खोटीच. मी ती स्लिप त्याच्याच हातानं फाडायला लावली आणि उद्या संध्याकाळी घरी येते म्हणून सांगितलं.

तो गेल्यावर खातं उघडून बघितलं. पाच ठेवी, मिळून 14 लाख. पेन्शन 28,600. कर्ज नाही. आयुष्यभर चहासुद्धा घरचाच पिणाऱ्या माणसानं म्हातारपणाची सोय करून ठेवली होती. पण पाचही पावत्या एकट्याच्या नावावर. प्रत्येक पावतीला नॉमिनी म्हणून त्यांच्या पत्नीचं, म्हणजे काकूंचं, नाव होतं, पण नॉमिनीचा उपयोग माणूस गेल्यावर. जिवंत माणसाच्या आजारपणात त्या नावावर एक रुपया निघत नाही. यातल्या तीन पावत्यांचं नूतनीकरण माझ्या हातून झालेलं. तेव्हा गुरुजी समोरच बसले होते. "काकूंचं नाव जोडूया का?" हे वाक्य बोलायला मला अर्धा मिनिट लागलं असतं. ते मी बोलले नाही, याची टोचणी मला अजून आहे.

रिझर्व्ह बँकेच्या सूचनांमध्ये अशा आजारी खातेदारांची सोय आहे. सही जमत नसेल तर हाताचा किंवा पायाचा अंगठा चालतो. दोन स्वतंत्र साक्षीदार लागतात, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी. पैसे कोण काढून नेणार, हे मात्र खातेदारानं स्वतः दाखवायचं. म्हणजे त्याला कळत असलं पाहिजे. समजच गेली असती तर सगळं कठीण होतं. मुखत्यारपत्र त्याच क्षणी निकामी होतं, आणि मग पालक नेमून घेण्यासाठी कोर्टाचा रस्ता.

दुसऱ्या दिवशी स्टॅम्पपॅड, स्लिपा आणि हयातीची यादी पिशवीत घालून गेले. सोबत गुरुजींचे नेहमीचे डॉक्टर. पुढच्या खोलीत पलंगावर एअरबेड, त्याची मोटार गुरगुरत होती. गुरुजींच्या नाकात नळी. उजव्या हाताची मूठ आवळलेली, नखं तळव्यात रुतू नयेत म्हणून मुठीत गुंडाळलेला रुमाल. मावशी दर दोन तासांनी कूस बदलत होत्या, तरी माकडहाडाशी कातडी लाल झालेली.

मी विचारलं, "गुरुजी, ओळखलंत?" त्यांनी मान हलवली. "पैसे काढायचेत, चालेल?" मान हलली. "ठेव मोडू?" पुन्हा हलली. सगळ्यालाच हो. मला धाकधूक वाटायला लागली. ही समज की नुसती सवय? शेवटी मी म्हटलं, "गुरुजी, हे पैसे माझ्या नावावर करून घेऊ?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की चौथीच्या वर्गात चुकीचं उत्तर दिल्यासारखं मला झालं. मान जोरात आडवी हलली. डॉक्टरांनी तिथल्या तिथं दाखला लिहून दिला.

"पैसे कोण काढणार?" डावा हात वर आला. मुलगा पुढं सरकला होता, पण हात त्याच्यावरून पुढं गेला आणि दारात उभ्या असलेल्या काकूंकडे थांबला. काकू पदराला हात पुसत होत्या. "मला काय कळतंय बँकेतलं?" म्हणाल्या. मुलगाही म्हणाला, "आईला नाही जमायचं, मॅडम." गुरुजींचा हात खाली येईना.

मी डाव्या अंगठ्याला शाई लावली. कातडी इतकी गुळगुळीत झालेली की पहिला ठसा नुसता निळा डाग उठला. काकूंनी अंगठा ओल्या फडक्यानं पुसला, कोरडा केला, आपल्या मुठीत धरून जरा ऊब दिली. दुसरा ठसा रेघांसकट आला. डॉक्टरांची सही, माझी सही.

मग तिथंच वही काढून हिशेब मांडला. मावशी 22,000, त्यांच्या सुट्टीला बदली 2,000, फिजिओथेरपी 5,000, डायपर 3,200, औषधं 4,500. महिन्याला 36,700. पेन्शन वजा जाता 8,100 कमी पडत होते. दवाखान्याचं बिल एकदाच येतं, हे दर महिन्याला येणार, किती वर्षं ते कुणालाच माहीत नाही. सत्तरीवरच्यांना आयुष्मान कार्डावर कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार मिळण्याची सोय 2024 च्या ऑक्टोबरपासून आहे. गुरुजींचं कार्ड काढलेलं नव्हतं, ते काढायला सांगितलं. पण ते कार्डसुद्धा दवाखान्यात दाखल असतानाच कामाला येतं. घरच्या मावशीचा पगार त्यातून निघत नाही.

म्हणून पाचही ठेवी एकदम मोडायच्या नाहीत असं मी सांगितलं. दोनच मोडल्या, मिळून पाच लाखांच्या. त्यातून मुलाचे 2 लाख 40 हजार फिटले, उरलेले अडीअडचणीला बाजूला ठेवले. बाकीच्या तिन्हींना आणि पेन्शनच्या खात्याला काकूंचं नाव 'दोघांपैकी कोणीही' अशा पद्धतीनं जोडलं. मुदत संपेल तसे हे 9 लाख काकूंच्या नावानं ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत टाकायचे ठरलं. व्याज 8.2 टक्के, तिमाहीला 18,450. म्हणजे महिन्याला सहा हजारांच्या वर. उरलेले दोन हजार मुलगा आणि लेक हजार-हजार देणार. लेक फोनवर होती. ती लगेच म्हणाली, "मी दोन देते." मी म्हटलं, "नको, हजारच द्या, पण दर महिन्याला द्या." उत्साहात कबूल केलेली मोठी रक्कम चौथ्या महिन्यात थांबते आणि मग भावंडांत बोलणं बंद होतं, हे मी काउंटरवर फार वेळा बघितलंय.

निघताना हयातीच्या यादीवरही अंगठा घेतला.

डिसेंबरच्या 3 तारखेला काकू एकट्या शाखेत आल्या. पासबुक दुधाच्या स्वच्छ धुतलेल्या पिशवीत. स्लिप नातवानं भरून दिली होती, सही मात्र त्यांची, एकेक अक्षर सुटं. 22 हजार घेतले, काउंटरवरच दोनदा मोजले, पासबुक भरून घेतलं आणि नोंद बोटानं दाबून वाचली.

"यांना दाखवायचंय," म्हणाल्या. "रोज विचारतात, डोळ्यांनी."