सुंगटं (कोळंबी) सोलायची तर हातमोजे घालून

स्तनाच्या कॅन्सरची केमो संपून तीन वर्षं झाली. मालवणच्या बाजारात भेटणारी प्रत्येक बाई अजून आधी माझ्या डोक्याकडे बघते. "केस इले मां गो परत!" इले, पण पूर्वीचे नव्हेत. सुरुवातीला कुरळे आले, वर्षभरात सरळ झाले, भांगाशी मात्र विरळ ते विरळच. हार्मोनच्या गोळ्या चालू आहेत, त्यांनीही केस पातळ राहतात. खोबरेलाने नवे उगवत नाहीत. (आमच्याकडे हे बोलणं म्हणजे पाप.)

मला छळलं ते नखांनी. पॅक्लिटॅक्सेल हे केमोचं औषध चालू असतानाच ती तपकिरी पडली, आडव्या रेघा आल्या, काही टोकाकडून सुटून उचलली गेली. हाताचं नख महिन्याला जेमतेम 3 मिलिमीटर वाढतं, म्हणजे अख्खं बदलायला सहा महिने. पायाच्या अंगठ्यांनी दीड वर्ष घेतलं. उजव्या हाताच्या अंगठ्याचं तर अजून पुरतं चिकटलेलं नाही.

पहिल्या पावसाळ्यात त्या फटीत हिरवट झाक दिसली. मला वाटलं मळ. टाचणीने कोरत बसले! त्वचेच्या डॉक्टरांनी हात बघितला आणि आधी टाचणी टाकायला लावली. ओलाव्यात वाढणारे जंतू होते ते. कोरलं की नख आणखी सुटतं. सुटलेला भाग कापून टाकायचा, थेंब घालायचे, बोट कोरडं ठेवायचं. दिवसभर मासळी आणि भांडी असलेल्या घरात कोरडं!

तेव्हापासून आत सुती हातमोजे, वर रबरी. सासूबाई हसल्या, "मोजे घालून सुंगटां सोलतत काय कोण?" पण माझ्या डाव्या काखेतल्या गाठी (लसिकाग्रंथी) काढल्यात, त्या हाताला सुंगटाचा काटा टोचून जंतू शिरले तर अख्खा हात सुजू शकतो. विळीही ह्यांच्याकडे गेली. नारळ खवताना करवंटीसकट खवतात, ते सोडा.

रेडिएशनची जागा काळपट आणि कोरडी राहिली. मे महिन्यात सगळं अंग निथळतं, तिथे घामाचा थेंब नाही. दीड वर्षाने तिथे बारीक लाल शिरा उमटल्या आणि मी रात्रभर जागी. आजार उलटला नव्हता, रेडिएशनचाच उशिराचा परिणाम होता, पण ते तपासून घेतल्यावरच कळलं. आंघोळीनंतर बिनवासाचं क्रीम लावते, उन्हात ती जागा झाकते.

मोजे आता सासूबाईच उलटे करून दोरीवर टाकतात. आतून ओले राहिले तर परत हिरवं होईल म्हणून.