समासातली मृत्युसालं

आमच्या प्रकाशनात अनुवादासाठी आलेलं पुस्तक आधी माझ्याकडे अभिप्रायाला येतं. त्या दिवशी आलं जोसेफ बोनानोचं 1983 सालचं आत्मचरित्र. न्यूयॉर्कच्या पाच माफिया घराण्यांपैकी एकाचा हा माजी म्होरक्या. संपादक ताईंनी वर चिठ्ठी लावली होती, "यातलं खरं किती ते सांगा."

14 नोव्हेंबर 1957ला न्यूयॉर्क राज्यातल्या अपलाचिन गावी पोलिसांनी माफियांची बैठक उधळली. सुटाबुटातले म्होरके रानात पळाले. पकडलेल्यांत बोनानोचं नाव आहे. तो म्हणतो, मी गेलोच नव्हतो! माझं नवं करून घेतलेलं गाडीचं लायसन्स गॅस्पर डिग्रेगोरिओकडे होतं, पोलिसांना वाटलं तोच मी. असेलही. पण डिग्रेगोरिओला विचारायची सोय नव्हती, तो 1970 साली वारला. मी समासात पेन्सिलीने साल टाकलं.

मग हाच चाळा लागला. ऑक्टोबर 1964मध्ये, ग्रँड ज्युरीपुढे, म्हणजे खटला भरायचा की नाही ते ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळापुढे, हजर व्हायच्या आदल्याच रात्री, बोनानो पार्क अव्हेन्यूवरून गायब झाला. त्याच्या मते बफेलोच्या स्टेफानो मॅगाडिनोने, म्हणजे त्याच्याच नातलगाने, पळवून नेलं आणि सहाएक आठवडे डांबलं. तो उगवला मात्र मे 1966मध्ये. एफबीआयच्या चोरून केलेल्या ध्वनिमुद्रणांत न्यू जर्सीचा म्होरक्या सांगतो, की बाकीचे म्होरकेही चक्रावलेत. मॅगाडिनो वारला 1974ला. अमली पदार्थ आमच्या परंपरेत बसत नाहीत, असं बोनानो ठणकावतो. त्याचा उजवा हात कार्माइन गॅलांटे 1962 साली हेरॉइनच्याच खटल्यात 20 वर्षांसाठी आत गेला होता. गॅलांटेचा खून 1979चा. एकूण, पुस्तक आलं तेव्हा हो-नाही म्हणायला यांतलं कुणी उरलंच नव्हतं.

'कमिशन'बद्दलची पानं मात्र वेगळी निघाली. म्होरक्यांचं हे मंडळ कसं चालायचं, ते तो मोठ्या तोऱ्यात सांगतो. ते वाचून सरकारी वकील रूडॉल्फ जुलियानींना या मंडळावरच खटला भरायची कल्पना सुचली. 1985मध्ये बोनानोला साक्षीला बोलावलं. तो बोलेना, म्हणून म्हातारपणी तुरुंगात गेला. फुशारकीपायी लिहिलेलं अंगाशी आलं. तिथे मी पेन्सिल खाली ठेवली.

अभिप्रायात लिहिलं, 'कमिशन'चा भाग भरवशाचा. अपहरण, अपलाचिन आणि अमली पदार्थांच्या प्रकरणांना तळटिपा हव्यात.

ताईंनी विचारलं, "टिपा कोण लिहिणार?"

"मी लिहीन. पण मानधन वेगळं."