जुन्या घडणीच्या गिटार अ‍ॅम्पसाठी ६व्ही६ व्हॉल्व्ह निवडण्याचा माझा अनुभव

फेंडर कंपनीने १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात कॅलिफोर्नियातील फुलर्टन येथे बनवलेल्या ‘डिलक्स’ अ‍ॅम्पचे ५ई३ हे सर्किट मी पुण्यात सुटे भाग जमवून बांधले. बांधणी पूर्ण झाल्यावर शेवटच्या टप्प्यात कोणते ६व्ही६ व्हॉल्व्ह (स्पीकरला ताकद देणाऱ्या काचेच्या निर्वात नळ्या; येथे त्यांची जोडी लागते) बसवायचे, हा प्रश्न उरला. या सर्किटात त्याचे महत्त्व फार आहे, कारण आउटपुटकडून मागे येऊन विकृती कमी करणारा निगेटिव्ह फीडबॅक येथे मुळीच नाही; पॉवर व्हॉल्व्हचा स्वभाव झाकणारे किंवा सपाट करणारे काहीच मध्ये नसल्यामुळे दोन वेगळ्या घडणीच्या ६व्ही६मधला फरक स्पीकरमधून सरळ ऐकू येतो.

विक्रेत्यांच्या वर्णनांत ‘उबदार’, ‘मखमली’, ‘चमकदार’ असे शब्द पुष्कळ असतात. ते वाचून निवड करण्याऐवजी माझ्या अ‍ॅम्पमध्ये व्हॉल्व्हला प्रत्यक्षात किती विद्युतदाब सोसावा लागणार आहे, हे मी आधी मोजायचे ठरवले. आरसीए या अमेरिकी कंपनीच्या जुन्या माहितीपत्रकात ६व्ही६जीटीच्या प्लेटसाठी (व्हॉल्व्हमधला प्रवाह गोळा करणाऱ्या धातूच्या पत्र्यासाठी) ३१५ व्होल्ट आणि १२ वॉट ही मर्यादा दिलेली आहे. नंतरच्या ६व्ही६जीटीएसाठी ती ३५० व्होल्ट आणि १४ वॉट झाली. ५ई३मध्ये प्लेटवरचा दाब मुळातच या सीमेच्या आसपास किंवा थोडा वर असतो, आणि आपल्याकडच्या वीजपुरवठ्यामुळे तो आणखी चढू शकतो.

माझ्या पॉवर ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीला (वीज आत घेणाऱ्या गुंडाळीला) २२० आणि २४० व्होल्ट अशी दोन टोके आहेत. घरातला पुरवठा रात्री उशिरा २४० व्होल्टच्या पुढे जातो, हे मल्टिमीटरने ठाऊक झाले होते. २२०च्या टोकावर जोडणी केली, तेव्हा हीटरला (व्हॉल्व्ह आतून तापवणाऱ्या तारेला) ६.३ऐवजी जवळजवळ ६.९ व्होल्ट मिळत होते, म्हणजे दहा टक्क्यांची सवलत संपत आली होती, आणि प्लेटवर ३९० व्होल्ट दिसत होते. २४०च्या टोकावर हीटरचा दाब ६.३वर आला आणि प्लेट ३६०वर उतरली. एसीचे डीसी करणाऱ्या रेक्टिफायर व्हॉल्व्हचाही यात वाटा असतो. जुन्या ५वाय३मध्ये दाब बराच घसरतो. आज त्याच नावाने विकले जाणारे काही व्हॉल्व्ह तितका दाब खाली आणत नाहीत, त्यामुळे पुढच्या जोडीवर नकळत वीस-तीस व्होल्ट जास्त पडतात. म्हणून मी जुन्या घडणीचा ५वाय३च वापरला आणि पुढची सगळी मोजणी त्याच्यावरच केली.

मोजण्याची रीत सोपी असली, तरी अ‍ॅम्प बंद केल्यावरही फिल्टर कपॅसिटरमध्ये जीव घेण्याइतका दाब साठलेला राहू शकतो. तो रेझिस्टरमधून उतरवून, मीटरने खात्री करूनच हात आत घालावा, हे मी प्रत्येकाला कळकळीने सांगेन. या अ‍ॅम्पमध्ये दोन्ही व्हॉल्व्हच्या कॅथोडला (इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या भागाला) मिळून एकच रेझिस्टर आहे, माझ्याकडे तो २७० ओहमचा आहे. त्याच्यावर २० व्होल्ट दिसले, म्हणजे एकूण प्रवाह ७४ मिलिअँपिअर, प्रत्येकी ३७. त्यातून स्क्रीनचा (प्लेटच्या आधीच्या जाळीचा) अंदाजे अडीच मिलिअँपिअर वजा केला, उरलेल्या साडेचौतीसला प्लेट आणि कॅथोडमधल्या ३४० व्होल्टने गुणले, तर ११.७ वॉट येतात. २२०च्या टोकावर हाच आकडा १४ वॉटपर्यंत जात होता. जुने, आता न बनणारे व्हॉल्व्ह लावायचे की नाही, हे या फरकावर ठरते.

मुंबईत लॅमिंग्टन रोडवर आणि जुन्या रेडिओंची दुरुस्ती करणाऱ्यांकडे मी चौकशी केली. बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने रेडिओंसाठी बनवलेले ईएल८४ तेथे अजून भेटतात आणि ते चांगले असतात. पण ईएल८४ला नऊ पिना असतात आणि ६व्ही६चा सॉकेट आठ पिनांचा, त्यामुळे या अ‍ॅम्पसाठी त्यांचा उपयोग नव्हता. जुने ६व्ही६ थोडे मिळाले. काचेच्या आतला चंदेरी लेप पांढरा पडला असेल तर आत हवा शिरली आहे, असा व्हॉल्व्ह हातात घेण्याचे कारणच नाही. पिन २ आणि ७ मधले हीटरचे सातत्य मीटरने तपासता येते, मात्र त्यापुढची खरी परीक्षा अ‍ॅम्पमध्येच होते. ६एल६ लावून पाहा, असेही काहींनी सुचवले. ६एल६चा हीटर ०.९ अँपिअर घेतो, तर ६व्ही६चा ०.४५, माझा ट्रान्सफॉर्मर तेवढ्या भारासाठी बनवलेला नाही, म्हणून मी तो विचार तेथेच सोडला.

शेवटी तुलना चौघांत झाली: अमेरिकी बनावटीची जुनी आरसीए जोडी, सोव्हिएत ६पी६एस, स्लोव्हाकियातील जेजेचे ६व्ही६एस आणि रशियात बनणारे टंग-सोल नावाचे नवे व्हॉल्व्ह. गिटार, केबल, स्पीकर, नॉबची जागा आणि पहिल्या टप्प्यातला १२एवाय७ हा छोटा व्हॉल्व्ह हे सर्व कायम ठेवले. १२एवाय७ मुद्दाम ठेवला, कारण जास्त वर्धन करणारा १२एएक्स७ लावला तर पुढचा भागच आधी विकृत होतो आणि पॉवर व्हॉल्व्हचे काय चालले आहे ते कळत नाही. प्रत्येक जोडी बसवल्यावर खोली अंधारी करून प्लेट लाल होत नाही ना हे पाहिले, अर्धा तास तापू दिले आणि मगच वाजवले.

जेजेची जोडी सर्वांत उशिरा फाटते, म्हणजे तिचा आवाज उशिरा विकृत होतो. खालचे सूर भरदार राहतात, स्वर दाटीने एकत्र येत नाहीत. स्वच्छ वाजवणाऱ्याला ती आवडेल. पण ५ई३ची खरी शोभा बोटांच्या जोराप्रमाणे स्वर दबण्यात आणि पुन्हा उमलण्यात आहे. जोरात वाजवले की कॅथोडवरचा दाब चढतो, व्हॉल्व्ह क्षणभर मागे सरतो आणि सूर लांबतो. हे आरसीएमध्ये फार सुंदर ऐकू आले आणि टंग-सोलमध्ये त्याच्या बरेच जवळचे. ६पी६एस मधल्या स्वरांत गोड वाटला, पण या जोडीच्या दोन व्हॉल्व्हमधल्या प्रवाहात बारा मिलिअँपिअरचे अंतर होते आणि घरघरही वाढली. तीन-चार मिलिअँपिअरचे अंतर या अ‍ॅम्पला चालते. अगदी काटेकोर जुळवलेल्या जोडीसाठी जास्त पैसे मोजण्याची येथे गरज आहे, असे मला वाटत नाही.

रोजच्या वाजवण्यासाठी मी टंग-सोल ठेवले आणि आरसीए ध्वनिमुद्रणासाठी राखून ठेवले. जेजेची जोडी मात्र एका मित्राच्या डिलक्स रिव्हर्ब घडणीच्या अ‍ॅम्पमध्ये गेली. तेथे प्लेटवर ४१० व्होल्ट असतात आणि बायस (व्हॉल्व्हमधला प्रवाह ठरवणारा दाब) स्थिर पद्धतीचा असतो, त्यामुळे दणकट व्हॉल्व्हच हवा. १४ वॉटच्या सत्तर टक्क्यांचा हिशोब धरून आम्ही प्रत्येकी २३ मिलिअँपिअरवर बायस लावला.